पुढच्या चाकांवरची लक्झरी: कंपनीने वाचवलं काय, तुम्हाला मिळालं काय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तासगावजवळ द्राक्षबाग, बेदाण्याचा व्यापार, राहायला सांगलीत विश्रामबागला. पहिली लक्झरी गाडी घ्यायची, ऑन रोड पन्नास लाखांच्या आसपास. यादीत बीएमडब्ल्यूची एक्स१ आणि २ सीरिज ग्रान कूपे, मर्सिडीजची जीएलए, ऑडीची क्यू३. शिवाय त्याच पैशात काही वर्षं वापरलेली ३ सीरिज किंवा सी-क्लास. काका म्हणतात, "पुढची चाकं ओढतात ती लक्झरी कसली, ती महागातली मारुती." शोरूमवाला म्हणतो, "सर, आता तसा काही फरक राहिलेला नाही." तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: कंपन्या मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर का आल्या, आणि तुम्ही काय घ्यावं.

मी बरीच वर्षं पुण्यात लक्झरी गाड्यांच्या सेल्स टीमला प्रॉडक्ट ट्रेनिंग देत होतो. आता कुपवाडच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. ज्या गाड्यांचे गुण तेव्हा शिकवले, त्याच आता लिफ्टवर चढवून खालून बघतो. त्यामुळे विकणाऱ्याचं गणित आणि दुरुस्तीचा खर्च, दोन्ही माझ्या नजरेखालून गेले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोणती चाकं फिरतात यावरून गाडीचा मान ठरवू नका. आडवं इंजिन (म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेलं) आणि पुढची चाकं ही कंपनीची बचत आहे, पैशाचीही आणि जागेचीही. त्या बचतीतलं तुमच्या पदरात किती पडलं, हे गाडीगणिक वेगळं आहे, आणि तपासायचं ते एवढंच. मागे कोण बसणार, गाडी तुम्ही चालवणार की ड्रायव्हर, पुण्या-मुंबईला किती जाणं होतं, गाडी किती वर्षं ठेवणार, यावर उत्तर बदलतं. त्याकडे शेवटी येतो.

काकांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांच्या पिढीने ते डोळ्यांनी बघितलंय. अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी, पुढे कॉन्टेसा, सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली ती आडव्या, तीन सिलिंडरच्या इंजिनाची आणि पुढच्या चाकांवरची. नव्वदच्या दशकात पिंपरीत मर्सिडीजची ई-क्लास तयार होऊ लागली, ती पुन्हा मागच्या चाकांवर. मोठी, जड, मानाची गाडी मागून ढकलते आणि छोटी, काटकसरीची पुढून ओढते, हा हिशोब आपल्याकडे तेव्हापासून पक्का बसला.

आणि तो जगातही तसाच होता. १९५६ च्या सुएझ संकटाने ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, त्यातून अलेक इसिगोनिसने १९५९ ची मिनी काढली: इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या खालच्या चेंबरमध्येच, आणि उरलेली सगळी लांबी माणसांसाठी. इटलीत दांते जाकोसाने १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलात गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी एका रेषेत लावला, त्यामुळे एका चाकाचा एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) आखूड आणि दुसऱ्याचा लांब झाला. १९६९ च्या फियाट १२८ ने ती मांडणी घराघरात नेली. तुमच्या यादीतल्या जीएलएचं बॉनेट उघडलं तर मूळ मांडणी आजही तीच दिसेल.

पण काकांना ऑडीचं नाव नक्की सांगा. ऑडीच्या घराण्यातली डीकेडब्ल्यू १९३१ पासून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या बनवत होती. आपल्या रस्त्यांवर ज्या ऑडी ए४ ला लोक मान वळवून बघतात, तिची अलीकडची पेट्रोल गाडीही पुढच्या चाकांवरच चालते. व्होल्व्होने १९९१ मध्ये ८५० आणली, तेव्हा मोठ्या गाडीतही मागची चाकं सोडली. लेक्सस ईएसमध्ये मागे बसून प्रवास करा, पुढची चाकं ओढताहेत हे कुणाला कळणारही नाही. मागची चाकं म्हणजेच लक्झरी हा नियम खरं तर बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज या दोघांचा होता, आणि तो त्या दोघांनीच मोडला. म्हणूनच चर्चा त्यांच्या नावाने होते.

त्यांनी तो का मोडला, यात दोन कारणं आहेत: जागा आणि पैसा.

जागेचं आधी. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिन उभं, म्हणजे लांबीच्या दिशेने. त्यामागे गिअरबॉक्स, तो डॅशबोर्डखाली पायांच्या जागेत घुसतो. तिथून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा लांब दांडा, पूर्ण गाडीखालून मागे जातो, मागे डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा), आणि त्याच्यावर डिकीचा तळ. पावणेपाच मीटरच्या गाडीत हे सगळं झाकून जातं. गाडी साडेचार मीटरच्या खाली आली की प्रत्येक इंच माणसांच्या वाट्यातून कापला जातो. पहिली बीएमडब्ल्यू एक्स१ (२००९) उभ्या इंजिनाची, मागच्या चाकांवर बेतलेली होती. २०१५ ची दुसरी एक्स१ आडव्या इंजिनावर गेली. गाडीची लांबी थोडी कमीच झाली, आणि तरी डिकी ४२० लिटरवरून ५०५ लिटर झाली, मागे गुडघ्यांना जागा वाढली, बसायची उंचीही वाढली. १ सीरिजमध्येही हेच झालं. २००४ पासून ती मागच्या चाकांवर होती, चालवणाऱ्याला आनंद देणारी आणि मागे बसणाऱ्याला छळणारी. २०१९ मध्ये तीही पुढच्या चाकांवर गेली.

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण सेकंड हँडवाले यात हमखास गोंधळ घालतात. एक्स१ च्या मागे "एसड्राइव्ह" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फक्त दोनच चाकांना ताकद जाते, एवढाच. जुन्या एक्स१ वर ती दोन चाकं मागची, २०१५ नंतरच्या पिढीत पुढची. बिल्ला तोच, गाडी पूर्ण वेगळी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांवरचे बिल्ले, बीएमडब्ल्यूचं "एक्सड्राइव्ह", मर्सिडीजचं "फोरमॅटिक" आणि ऑडीचं "क्वात्रो", यांचंही तसंच. आडव्या इंजिनाच्या छोट्या गाडीत बहुतेक वेळ पुढची चाकंच काम करतात आणि गरज पडली की क्लचमधून मागच्यांना ताकद जाते. उभ्या इंजिनाच्या मोठ्या गाडीत त्याच नावाखाली वेगळी यंत्रणा असते.

आता पैशाचं. ही गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही, पण बाजारातली सगळी चाल इथूनच कळते.

छोटी गाडी बनवायला मोठ्या गाडीपेक्षा फारसा कमी खर्च येत नाही. दारं चारच, सीट पाचच, एअरबॅग तेवढ्याच, क्रॅश टेस्ट तीच. पत्रा थोडा कमी लागतो. किंमत मात्र लाखांनी कमी ठेवावी लागते. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० नावाची छोटी सेदान काढली, मागच्या चाकांवर, मागे प्रत्येक चाकाला पाच लिंकचं सस्पेन्शन. इंजिनिअरिंगमध्ये कुठेही हात आखडता घेतला नाही, आणि किंमतही तशीच लागली. त्या वाटेने गेलं तर छोटी लक्झरी गाडी स्वस्त होतच नाही.

दुसरी वाट म्हणजे एकच सांगाडा अनेक गाड्यांत वापरणं. फोक्सवॅगन समूहाला हे सोपं होतं. १९९६ ची ऑडी ए३ गोल्फच्या सांगाड्यावर उभी राहिली, आणि पुढे त्यांच्या आडव्या इंजिनाच्या सांगाड्यावर ऑक्टाव्हिया, सुपर्ब, टिग्वान, कोडियाक, क्यू३ सगळ्याच आल्या. मर्सिडीजकडे वाटून घ्यायला स्वस्तातला ब्रँड नव्हता, म्हणून त्यांनी घरातच भावंडं वाढवली: ए-क्लास, बी-क्लास, सीएलए, जीएलए. बीएमडब्ल्यूला ही सोय मिनीने करून दिली. १९९४ मध्ये त्यांनी ब्रिटनचा रोव्हर समूह घेतला, २००० मध्ये बाकीचा विकून टाकला, पण मिनी ठेवली. नवी मिनी पुढच्या चाकांवर चालत होती आणि चांगली चालत होती. मग तोच सांगाडा पुढे वाढवून २०१४ मध्ये २ सीरिज अॅक्टिव्ह टूरर आली, बीएमडब्ल्यूचा बिल्ला लावलेली पुढच्या चाकांवरची पहिली गाडी. एक्स१, १ सीरिज, २ सीरिज ग्रान कूपे त्याच वाटेने आल्या.

ग्राहक काय म्हणेल, याचीही त्यांना फारशी भीती नव्हती. २०१० मध्ये बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे प्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनी आपल्या सर्वेक्षणाचा आकडा जाहीर सांगितला होता: १ सीरिजच्या ८० टक्के ग्राहकांना आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते असं वाटत होतं. गाडी तेव्हा मागच्या चाकांवर होती! ज्या गोष्टीसाठी कंपनी मोठा खर्च करत होती, ती घेणाऱ्याला ठाऊकच नव्हती. कुठलीही कंपनी अशा वेळी तो खर्च दुसरीकडे वळवेल, आणि माझ्या मते तो निर्णय बरोबरच होता. माझ्या ट्रेनिंगच्या दिवसांतही हेच दिसायचं. पहिली लक्झरी गाडी घेणारा माणूस आधी लोगो बघतो, मग स्क्रीन, सनरूफ, रात्रीचे दिवे, दार लावल्यावर येणारा आवाज. ड्राइव्ह कुठल्या चाकांना, हा प्रश्न क्वचितच येतो, आणि आला तर तो काकांसारख्या सोबत आलेल्या माणसाकडून येतो. म्हणून कंपनी पैसा तिथे ओतते जिथे ग्राहकाची नजर आणि हात जातो.

मर्सिडीजने तर पूर्ण ग्राहकच बदलला. १९९७ ची पहिली ए-क्लास उंच, डब्यासारखी, घरगुती होती. स्वीडनच्या एका मासिकाच्या चाचणीत ती अचानक वळताना उलटली, आणि कंपनीला प्रत्येक गाडीत ईएसपी द्यावं लागलं. (आज घाटात तुमची गाडी सावरून धरणारी ही यंत्रणा छोट्या गाड्यांत इतक्या लवकर पोचली, त्यात या घटनेचा वाटा आहे.) २०१२ मध्ये मात्र ए-क्लास खाली बसकी, रुंद, तरुणांना डोळ्यांत भरेल अशी झाली. २०१३ मध्ये सीएलए अमेरिकेत २९,९०० डॉलरला लावली, म्हणजे तीस हजारांच्या आतली मर्सिडीज. तिशीतला ग्राहक एकदा दारात आला की चाळिशीत सी-क्लास आणि पन्नाशीत ई-क्लास घेईल, हा डाव होता. तुमचं वय आणि तुमचा व्यापार बघून शोरूमवाला तुमच्याकडे आज त्याच नजरेने बघतो आहे, हे ध्यानात ठेवून भाव करा.

हा डाव फसतोही. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये शेवरले कॅव्हेलियरच्या सांगाड्यावर कॅडिलॅक सिमरॉन काढली. बाहेरून-आतून ती इतकी शेवरले वाटत होती की कॅडिलॅकचं नाव त्यात बरंच खर्ची पडलं, १९८८ मध्ये ती बंद झाली. जग्वारने २००१ मध्ये फोर्ड मोंडिओच्या सांगाड्यावर एक्स-टाइप आणली. सुरुवातीला सगळ्या एक्स-टाइप चारही चाकांवरच्या होत्या, वर्षभरात पुढच्या चाकांवरची स्वस्त आवृत्ती आली. तिची ओळख शेवटपर्यंत "मोंडिओच" अशी राहिली, आणि २००९ मध्ये तीही थांबली. ऑडी ए३ ने मात्र गोल्फचा सांगाडा घेऊनही स्वतःची ओळख टिकवली, कारण बसल्यावर, दार ओढल्यावर, बटण दाबल्यावर ती वेगळी लागत होती. सांगाडा वाटून घेण्यात पाप नाही. वरचे पैसे ज्या गोष्टींचे घेता त्या द्यायला मात्र हव्यात.

मग चालवताना फरक पडतो का? ताकद किती आहे त्यावर. पुढच्या चाकांना वळायचंही असतं आणि ओढायचंही. ताकद वाढली की जोरात पाय दिल्यावर स्टिअरिंग हातात खेचलं जातं, त्यात एक एक्सल लांब आणि एक आखूड असेल तर आणखी. म्हणून कंपन्या साधारण दोनशे हॉर्सपॉवरपर्यंत पुढची चाकं ठेवतात आणि त्यावर गेल्या की चारही चाकं देतात. मर्सिडीजच्या एएमजी ए३५ मध्ये ३०६ हॉर्सपॉवर आहे, तिला फोरमॅटिक आहे. तुमच्या यादीत बघा: एक्स१ पेट्रोल तीन सिलिंडर, १.५ लिटर, १३६ हॉर्सपॉवर. डिझेल १५०. जीएलए २०० मध्ये १.३ लिटर, १६३. या ताकदीला पुढची चाकं पुरून उरतात. महामार्गावर सरळ, ऐंशी-शंभरच्या वेगात शोरूमवाला म्हणतो ते खरं आहे.

त्याचं म्हणणं खोटं पडतं ते चढावर. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना, किंवा वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना, पाच माणसं, डिकीत सामान, जुलैचा पाऊस, आणि वळणावर थांबून पुन्हा गाडी उचलायची. तिथे पुढची चाकं एखाद-दोनदा घसरतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाकाची घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतो, मग पकड मिळते. मागच्या चाकांच्या गाडीत तेच वजन तुमच्या कामी येतं. खंबाटकीत तर रुंद रस्ता, सलग चढ, तिथे हा प्रश्नच नाही.

उलट पावसाळी रस्त्यावर वळणात वेग थोडा जास्त झाला तर पुढच्या चाकांची गाडी बाहेरच्या बाजूला सरळ जाऊ बघते. माणूस घाबरून पाय काढतो आणि ती आपोआप वळणात येते. मागच्या चाकांची गाडी शेपूट फिरवू शकते. ईएसपी दोघींनाही सावरतं, पण रोज चालवणाऱ्या साध्या हाताला पहिलीच जास्त माफ करते.

आपल्याकडे खरी परीक्षा वेगळीच आहे. ऊसतोडीच्या हंगामात तासगाव, पलूस, इस्लामपूर कुठल्याही रस्त्यावर बघा, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर शेतातून चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर आणून टाकतात. त्यावर दव पडलं की साबण लावल्यासारखं होतं. तिथे पुढचं चाक, मागचं चाक यापेक्षा टायरची नक्षी किती शिल्लक आहे याला जास्त किंमत आहे. आणि ओल्या पाणंदीतून बागेत जायचं असेल तर यादीतली एकही गाडी त्या कामाची नाही. क्वात्रो असली तरी नाही. सतरा-अठरा इंची रस्त्याचे टायर काळ्या रानात दोन फेऱ्यांत भरतात, आणि खाली चेंबर टेकतं. त्यासाठी घरातली बोलेरो ठेवा.

आता बचत तुमच्यापर्यंत पोचली का, ते. हे शोरूममध्ये पाच मिनिटांत कळतं. पुढची सीट तुमच्या उंचीला लावा, मागे जा, आणि मधल्या जागेवर बसा. पुढच्या चाकांच्या गाडीत खालून शाफ्ट जात नाही, म्हणजे तळ सपाट हवा. ग्रान कूपेत बघा, जीएलएत बघा: मधोमध उंचवटा आहेच. कारण त्याच सांगाड्यावर चारही चाकांची आवृत्तीही बनते, तिच्या शाफ्टला जागा ठेवावी लागते, आणि दोन वेगळे तळ बनवणं परवडत नाही. मी लिफ्टवर अशा गाडीखाली उभा राहतो तेव्हा त्या उंचवट्याखालच्या पोकळीत एक्झॉस्टचा पाइप आणि उष्णता अडवणारा पत्रा दिसतो, शाफ्टची जागा रिकामीच. तुमच्या मधल्या माणसाचे पाय मात्र दोन बाजूंना फाकलेले. ग्रान कूपेत वरून छतही उतरतं, त्यामुळे उंच माणसाचं डोकं लागतं. म्हणजे पुढच्या चाकांमुळे मिळणारी जागा तिथे देखणेपणावर खर्च झाली. एक्स१ मध्ये उंचवटा असला तरी उंची, दार, डिकी सगळ्यात जागा मिळते. या यादीत जागेची बचत सर्वांत जास्त पोचली ती एक्स१ मध्ये, हे माझं स्पष्ट मत.

क्यू३ चं गणित निराळं. ती आपल्याकडे २०२२ मध्ये नव्या रूपात आली तेव्हा क्वात्रोच घेऊन आली, दोन लिटर पेट्रोल, १९० हॉर्सपॉवर. चढावर तिला तोड नाही. पण तेच इंजिन, त्याच धाटणीचा गिअरबॉक्स आणि चारही चाकं त्या सुमारास टिग्वान आणि कोडियाकमध्येही मिळत होती, कमी पैशात. क्यू३ घेताना वरचे पैसे तुम्ही बिल्ला, आतलं काम आणि शांतता यांचे देता. ते तुम्हाला पटत असेल तर बिनधास्त द्या. यंत्र वेगळं आहे म्हणून देतोय, असं मात्र समजू नका.

वर्कशॉपच्या बाजूने थोडं. पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, कारण ओढणं, वळणं आणि बहुतेक ब्रेक त्यांच्यावर. वेळेवर मागे-पुढे बदलले तर चारही एकदम संपतात. आपल्याकडे जास्त त्रास देतो तो एक्सलचा रबरी बूट, म्हणजे त्याच्या जॉइंटवरचं ग्रीस भरलेलं आवरण. रस्त्यावर पडलेला उसाचा कांडका किंवा तार बूट चिरते, चिरेतून ग्रीस उडतं आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ दिसलं की लगेच आणा. बूट बदलणं स्वस्त आहे, धूळ जाऊन जॉइंट खाल्ला की पूर्ण एक्सल जातो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू गाडी नेताना टकटक आवाज आला, तर तो जॉइंट गेलेलाच असतो. आडव्या इंजिनात सगळं दाटीवाटीचं, म्हणून मजुरी जास्त लागते. इंजिनाचं माउंटिंगही बघत राहा, गिअर टाकल्यावर धक्का जाणवला तर तिकडेच हात घाला. क्यू३ घेतली तर मागच्या क्लच युनिटचं ऑइल वेळेवर बदला, आणि चारही टायर एकाच कंपनीचे, सारख्या झिजेचे ठेवा. एक नवा आणि तीन जुने असं केलंत तर ते युनिट विनाकारण राबत राहतं.

मागच्या चाकांच्या ३ सीरिज किंवा सी-क्लासमध्ये प्रोपेलर शाफ्टचं रबर कपलिंग, मधलं बेअरिंग, मागचं डिफरन्शियल हे जादा भाग. साठ-सत्तरच्या वेगात खालून घरघर आली तर तिथे शोधायचं. पण इंजिनाभोवती हात घालायला जागा असते, आणि ३ सीरिजचा झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक हा माझ्या अनुभवात शहरातल्या कोंडीत दोन क्लचच्या गिअरबॉक्सपेक्षा जास्त सहनशील आहे. गणपती पेठेत रोज पाव किलोमीटर रांगत जाणाऱ्याला हे जाणवतं.

सेकंड हँडमध्ये एक गोष्ट टाळू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात गेलेल्या गाड्या आजही धुऊन-पुसून फिरताहेत, आणि एमएच १० किंवा एमएच ०९ पासिंगपुरतंच ते मर्यादित नाही. कार्पेटखालचे कनेक्टर उघडून बघा, हिरवा थर असेल तर उठून या. मागच्या डिफरन्शियलचा ऑइल प्लग उघडायला लावा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पुढच्या चाकांच्या गाडीला हे डिफरन्शियलच नाही, म्हणून तिथे गिअरबॉक्सचं ऑइल तपासावं लागतं.

एक बाब काकांना आवडेल. इलेक्ट्रिक गाड्यांनी गाडं पुन्हा फिरवलंय. मोटर छोटी असते, मागच्या चाकांपाशी बसते, शाफ्टची गरज नाही, पुढची चाकं जास्त वळू शकतात. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मागच्या चाकांवर आहेत. व्होल्व्होने २०२३ मध्ये एक्ससी४० च्या एकमोटरी गाडीची मोटर पुढून मागे नेली. मर्सिडीजच्या २०२५ च्या नव्या सीएलएत इलेक्ट्रिक गाडी मागून ढकलते, आणि त्याच गाडीची पेट्रोल हायब्रिड पुढून ओढते. उलट बीएमडब्ल्यूची आपल्याकडची आयएक्स१ पुढच्याच चाकांवर आहे, कारण तिचा सांगाडा पेट्रोलच्या एक्स१ चाच. म्हणजे जी मांडणी ज्या सांगाड्यात स्वस्तात बसते ती कंपनी घेते, हा नियम आजही चालू आहे.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की आई-वडील बरोबर असतात आणि पुण्याला येणं-जाणं वरचेवर आहे. तसं असेल तर नव्यात एक्स१ डिझेल. आईंना चढा-उतरायला सोपी, डिकीत बेदाण्याच्या नमुन्यांच्या पेट्या बसतात, आणि पुढच्या चाकांचा तोटा या ताकदीला जाणवत नाही. पावसाळ्यात महाबळेश्वर, कोयनानगर असं सतत फिरणं असेल तर क्यू३. ग्रान कूपे फक्त तेव्हाच, जेव्हा मागच्या सीटवर बहुतेक वेळा कोणी नसेल. आणि गाडी तुम्ही स्वतः, आवडीने चालवणार असाल, मागे मोठी माणसं बसणार असतील, दुरुस्तीला वर्षाकाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवण्याची तयारी असेल, तर पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) ३ सीरिज ग्रान लिमोझिन शोधा. मागे ऐसपैस, मागच्या चाकांवर, काकाही खूश. फक्त ती खाली बसकी आहे. तुमच्या गावच्या वाटेवरच्या सगळ्या स्पीडब्रेकरवरून, घरची सगळी माणसं बसवून, एकदा नेऊन बघा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या आवारात घेऊ नका. निम्मा दिवस मागून घ्या आणि घाटात न्या, आई-वडिलांना मागे बसवून. स्टेपनी आहे की रन फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे), तुमच्या ब्रँडचं अधिकृत वर्कशॉप सांगलीपासून किती लांब, आणि रस्त्यात बंद पडली तर टोइंग कुठून येणार, हे टोकन देण्याआधी लिहून घ्या. आणि सेकंड हँड ठरलीच, तर गाडी आणायच्या आधी चेसिस नंबर कळवा आणि खालून काढलेले फोटो पाठवा. मी बघून सांगतो.